लशीची ताकद मोजणारे वर्तुळ

फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो. त्यामुळे लस कोणत्या प्रकारांविरुद्ध करायची, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते. लस बदलली की एक प्रश्न नव्याने उभा राहतो : कुपीतील द्रवात पुरेशी ताकद आहे, हे कशावरून ठरवायचे?

या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. मृत विषाणूंपासून केलेल्या प्रचलित लशीच्या एका मात्रेत प्रत्येक प्रकाराचे हे प्रथिन १५ मायक्रोग्रॅम असावे लागते. ते मोजण्याची रूढ पद्धत १९७० च्या दशकातील आहे. अगारोजच्या पातळ थरात मेंढीच्या रक्तातून मिळवलेली प्रतिद्रव्ये मिसळतात. थराला बारीक छिद्रे पाडून काहींत लस, तर काहींत प्रमाणित नमुना भरतात. प्रथिन भोवती पसरते आणि प्रतिद्रव्यांशी जुळून वर्तुळ उमटते. प्रथिन जास्त, तर वर्तुळ मोठे. प्रमाणित नमुन्याच्या वर्तुळांशी तुलना करून मात्रेची ताकद ठरते.

पद्धत सोपी व विश्वासार्ह असली, तरी तिची एक मोठी अडचण आहे. प्रत्येक नव्या प्रकारासाठी प्रतिद्रव्ये व प्रमाणित नमुना नव्याने तयार करावा लागतो आणि त्यात काही महिने जातात. २००९ च्या स्वाइन फ्लूसारख्या साथीत हा विलंब महागात पडू शकतो.

त्या साथीची तीव्र झळ सोसलेल्या पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने जुलै २०१० मध्ये ‘नेझोव्हॅक’ ही नाकात फवारायची लस आणली. तीत दुर्बल केलेले जिवंत विषाणू असल्याने मोजायची ती त्यांची संसर्गक्षमता. लस टप्प्याटप्प्याने दहापट विरळ करून कोंबडीच्या फलित अंड्यांत टोचतात. कोणत्या विरलतेला निम्मी अंडी संसर्गित होतात, यावरून जिवंत विषाणूंचे प्रमाण काढतात.

भारतात लशींच्या चाचणीची राष्ट्रीय जबाबदारी कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे आहे. मात्र, चाचणीतील आकडा त्या दिवसापुरता खरा असतो. पुण्याहून गोव्यातील सत्तरीला किंवा मध्य प्रदेशातील बालाघाटला कुपी जाईपर्यंत तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राखावे लागते. उन्हाने प्रथिन बिघडते आणि मृत विषाणूंची लस गोठली, तरी ती टाकूनच द्यावी लागते. बिघाड डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणूनच प्रयोगशाळेतील वर्तुळाइतकेच आरोग्य केंद्रातील शीतपेटीच्या तापमानाच्या नोंदवहीलाही महत्त्व आहे.