मिरीचा वास कुणाला येतो?

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री नऊ वाजता आम्ही सहा जण आपापल्या घरी समोर तीन ग्लास मांडून बसतो. कॉलेजात एकाच बाकाच्या आसपास बसणारे आम्ही, आता नाशिक, पुणे, ठाणे, नागपूर, पणजी आणि बेंगळुरू असे पांगलो आहोत. लॉकडाउनमध्ये नुसत्या गप्पांसाठी सुरू झालेला हा व्हिडिओ कॉल पुढे वाइनच्या चवीभोवती स्थिरावला. एका शनिवारी शिराज द्राक्षाच्या दोन लाल वाइन निवडल्या होत्या, एक नाशिकची आणि एक ऑस्ट्रेलियाच्या थंड भागातली. पुण्याच्या मैत्रिणीने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "अरे, ही तर ताजी कुटलेली मिरी!" पणजीहून तेच उत्तर आले. नागपूरच्या मित्राने मात्र तोच ग्लास चारदा हुंगला आणि शांतपणे सांगितले, "मला मिरीबिरी काही येत नाही. जांभूळ येतं."

आम्ही एका टेबलाभोवती असतो, तर पाचव्यांदा हुंगून त्याने "हो, आहे थोडी" म्हटले असते. चार जण एका सुरात बोलत असताना आपले वेगळे म्हणणे धरून ठेवणे कुणालाच सोपे जात नाही. पण तो नागपूरला आपल्या जेवणघरात होता, आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते.

शिराजमधला मिरीचा वास हा वाइन लिहिणाऱ्यांचा कल्पनाविलास नाही. त्यामागचा रेणू अॅडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2008 साली जगापुढे मांडला. त्याचे नाव रोटंडोन. हे नाव आले सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून, म्हणजे आपल्या लव्हाळ्यावरून. कितीही खुरपला तरी पुन्हा वर येणारा, द्राक्षबागायतदाराच्या डोक्याला ताप असलेला हाच तो लव्हाळा. त्याच्या मुळांच्या सुवासिक गाठी म्हणजे आयुर्वेदातली मुस्ता. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. रसायनशास्त्रज्ञांना हा रेणू या गाठींमध्ये कित्येक वर्षे आधीच सापडला होता, पण तो इतका प्रभावी गंध असेल याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. मिरीच्या दाण्यातही तोच असतो. उटणे, मिरी आणि शिराज एका रेणूने जोडलेली आहेत, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी उठून मसाल्याचा डबा उघडला होता.

हा रेणू किती लागतो? लाल वाइनमध्ये लिटरमागे 16 नॅनोग्रॅम असला, तरी सामान्य नाकाला त्याची चाहूल लागते. ऑलिम्पिकच्या जलतरण तलावात सुमारे 25 लाख लिटर पाणी मावते. तो तलाव वाइनने भरला, तर त्यात 40 मिलिग्रॅम रोटंडोन पुरेल. मिरीचा एखादा लहान दाणा वजनाला साधारण तेवढाच भरतो.

आणि 2008 च्या त्याच अभ्यासात चाखणाऱ्यांपैकी सुमारे 20 टक्के लोकांना हा वास आलाच नाही. संशोधकांनी साध्या पाण्यात लिटरमागे 4000 नॅनोग्रॅमपर्यंत मात्रा वाढवून पाहिली, तरीही नाही. इतरांना पाण्यात 8 नॅनोग्रॅमला हा वास जाणवतो. म्हणजे पाचशे पट वाढवूनही या लोकांसाठी ग्लासात काहीच नव्हते. त्यांचे नाक बिघडलेले नसते, बाकीचे सगळे वास त्यांना व्यवस्थित येतात.

याचे कारण नाकाच्या रचनेत आहे. रंग ओळखायला डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. वास ओळखायला नाकात मात्र सुमारे चारशे प्रकारचे ग्राही असतात आणि प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र जनुक असते. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी 1991 मध्ये जनुकांचे हे कुटुंब शोधले, त्यासाठी 2004 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. चारशे जनुके म्हणजे चारशे ठिकाणी फरक पडायला वाव. बीटा-आयोनोन या व्हायोलेट फुलांसारख्या वासाच्या रेणूचे उदाहरण तर स्पष्ट आहे. एका ग्राहीच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने तो कुणाला फुलासारखा येतो, तर कुणाला जवळजवळ येतच नाही. हा रेणूही वाइनमध्ये असतो. दोन माणसे एकाच बाटलीतून पितात तेव्हा ती एकच वाइन पितात, असे म्हणताना मला आता अडखळायला होते.

"पण आपण चव घेतोय, वास कुठे?" असे ठाण्याच्या मित्राने सुरुवातीला विचारले होते. त्याला आम्ही बडीशेप आणायला लावली. नाक घट्ट दाबून चिमूटभर चावायची. जिभेला थोडा गोडवा कळतो, बडीशेप कळत नाही. नाक सोडले की क्षणात ती तोंडभर पसरते. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच जिभेचे काम. तुरटपणा ही तर चवही नव्हे. वाइनमधले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून बसते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखे होते. कच्चे केळे किंवा हिरवी सुपारी खाल्ली की होते तसेच. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते बहुतेक सारे घशामागून नाकात चढलेले वास असतात.

नेमकी हीच गोष्ट तारेतून जात नाही. व्हिडिओ कॉलवर चेहरा जातो, आवाज जातो, वास मात्र ज्याच्या त्याच्या घरी राहतो. रंगाचाही भरवसा नाही, कारण फोनचा कॅमेरा घरातल्या दिव्याप्रमाणे रंग आपणहून बदलून दाखवतो. मग सहा घरांमध्ये सामाईक उरतात फक्त शब्द. आणि पुण्याची "मिरी" ठाण्याच्या "मिरी"सारखीच आहे, हे ठरवायचे कसे?

यावरचा तोडगा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापक अॅन नोबल यांच्या कामात सापडला. 1980 च्या दशकात त्यांनी वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. "भारदस्त", "मोहक" असले शब्द त्यांनी बाजूला ठेवले आणि सिमला मिरची, मिरी, लवंग अशी हातात धरता येतील अशी नावे घेतली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक शब्दाचा नमुना कसा बनवायचा हेही त्यांनी सांगितले. साध्या, फारसा वास नसलेल्या वाइनमध्ये सिमला मिरचीचा छोटा तुकडा थोडा वेळ ठेवायचा. तो वास नाकात बसला की सोव्हिन्यॉन ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये तो कुठे लपला आहे ते कळते. तिथे तो मेथॉक्सिपायरझिन नावाच्या रेणूंमुळे येतो, आणि सिमला मिरचीतही तेच असतात.

आता कॉलच्या आधी सहाही घरांत वाट्या मांडल्या जातात. मिरी, लवंग, कोकम, सिमला मिरची, हंगामात जांभूळ किंवा करवंद. आधी वाटी हुंगायची, मग ग्लास. इंग्रजी पुस्तकातले गूजबेरी आणि ब्लॅककरंट आम्ही सोडून दिले. जे फळ आपण लहानपणी झाडाखाली वेचून खाल्ले नाही, त्याचा वास ओळखल्याचा आव कशाला आणायचा? मराठीत तर वासाच्या शब्दांची श्रीमंती आहे. खमंग, खवट, कुबट, करपट, आंबूस, उग्र, दर्प, दरवळ. खराब बुचामुळे वाइनला जो वास लागतो, ट्रायक्लोरोअॅनिसोल या रेणूचा, त्याला "कुबट" हा एक शब्द चपखल बसतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास ज्याला माहीत आहे, त्याला आणखी समजवावे लागत नाही.

डोळे आणि किंमत या दोन गोष्टी नाकाला फार लवकर वळवतात. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला गेला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. 2001 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन कधी स्वस्त, कधी महाग म्हणून पाजली, तर महाग म्हटल्यावर लोकांना ती अधिक आवडली आणि मेंदूतल्या सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढली. ते लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच जास्त आनंद झाला होता. जाणकारही यातून सुटत नाहीत. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीतले गुण देणारा परीक्षक दहात एखादाच निघाला.

म्हणून आमच्याकडे घरातले दुसरे कुणीतरी ग्लास भरते आणि पिणाऱ्याला बाटली दिसत नाही. तीन ग्लासांपैकी दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. 1940 च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत बिअरसाठी ही पद्धत वापरात आली, आज खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांमध्ये ती सर्रास चालते. तीन ग्लास मांडण्याचे क्रम सहाच होतात, आणि आम्हीही सहा. प्रत्येक घराला एक क्रम. ग्लासात 30 मिलिलिटरच ओतायचे. थुंकायला शेजारी एक भांडे असते, कारण अल्कोहोल चढले की नाक आधी थकते. दोन्ही बाटल्या तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांना आणायच्या, नाहीतर एप्रिलमध्ये नागपूरच्या ग्लासातून नुसती अल्कोहोलची झळ येते. मग सगळ्यांनी माइक बंद करायचा, दहा मिनिटे लिहायचे, आणि एकदम सहा कागद कॅमेऱ्यासमोर धरायचे. टेबलाभोवती बसून हे शिस्तीत जमत नाही, कुणाच्या तरी चेहऱ्यावर उत्तर उमटतेच.

त्या शिराजच्या रात्री सहापैकी चार कागद बरोबर निघाले. सगळे खूश झाले, पण बेंगळुरूच्या मैत्रिणीने हिशेब मांडला. डोळे झाकून ग्लास उचलला तरी बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. त्या नुसत्या नशिबावर सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 10 टक्के निघते. पाच बरोबर आले असते, तर ती 2 टक्क्यांच्या खाली गेली असती. थोडक्यात, आम्हाला दोन शिराजमधला फरक कळतो हे त्या रात्री सिद्ध झाले नव्हते. पुढच्या महिन्यात त्याच दोन वाइनच्या नव्या बाटल्या आणायचे ठरले.

त्या वेळी पाच कागद बरोबर आले. चुकलेला कागद नागपूरचा होता. तोवर आम्ही बरेच वाचले होते. थंड, ढगाळ बागेत रोटंडोन जास्त तयार होते आणि घड उन्हात तापले की ते कमी होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्लासात मिरी इतकी ठसठशीत का, हे त्यावरून समजण्यासारखे होते. नाशिकला द्राक्षे पावसाळ्यानंतरच्या छाटणीतून येतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढली जातात. तिथे रात्री थंड असतात, पण दुपारचे ऊन कडक. आमच्या नाशिकच्या ग्लासात तिघांनी जांभूळ आणि सुंठ लिहिले होते, मिरी कुणीच नाही.

नागपूरचा मित्र मिरीची वाटी पुन्हा पुन्हा हुंगत होता. "हिचा झणका येतो की मला," तो म्हणाला. वाटीतल्या मिरीत इतरही अनेक वासाचे रेणू असतात, त्याच्या नाकाला ते पोचत होते. ग्लासात मात्र मिरीच्या वासाचा रेणू एकटा रोटंडोनच असणार होता. तेवढ्यात रिकामे ग्लास उचलायला वहिनी आल्या. महिनोन्‌महिने त्याच आमचे तिथले ग्लास भरतात, स्वतः वाइन घेत नाहीत. मधला ग्लास उचलताना त्या थांबल्या, नाक जवळ नेले आणि विचारले, "यात मिरपूड कुणी टाकली?"