मोहाचा क्षण

मी मुख्याध्यापक असताना एक मुलगा भूमितीच्या तासाला रोज शेजाऱ्याचा कंपास मागत असे. शिवणकाम करून आईने कंपासपेटीसाठी दिलेले पैसे त्याने जत्रेत चावीच्या मोटारीवर खर्च केले होते. मोटार तिसऱ्याच दिवशी मोडली. मी विचारले, “तेव्हा तुला कंपासपेटी आठवली नाही का?” खाली मान घालून तो म्हणाला, “आठवली होती, गुरुजी. पण मोटार डोळ्यांपुढे होती.”

मुलांनो, त्याने नकळत मोहाचे मर्मच सांगितले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल व त्यांचे सहकारी यांनी याविषयी प्रयोग केले आणि १९७२ साली ते प्रसिद्ध केले. लहान मुलाला खोलीत एकटे बसवीत व त्याच्यापुढे दोन प्रकारचा खाऊ ठेवीत. बाहेर गेलेली व्यक्ती आपण होऊन परत येईपर्यंत थांबल्यास अधिक आवडीचा खाऊ मिळे. मध्येच खूण करून बोलावल्यास दुसरा. ज्यांच्यापुढे खाऊ उघडा होता आणि मन रमविण्यास काहीच नव्हते, त्यांचा धीर सरासरी एक मिनिटही टिकला नाही. गमतीच्या गोष्टी मनात आणण्यास ज्यांना सांगितले होते, ती मुले मात्र सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. पुढे खाऊ झाकून ठेवला. तरीही ज्यांना खाऊचाच विचार करण्यास सांगितले, त्यांचा धीर लवकर सुटला.

तात्पर्य, नुसते ओठ आवळून मोहाशी झुंजणे पुरेसे नाही. वस्तू नजरेआड करावी आणि मन दुसरीकडे गुंतवावे.

म्हणून एखादी वस्तू घ्यावीशी वाटताच दुकानापासून दूर व्हावे. घरी येऊन वहीत तिचे नाव, किंमत व तारीख लिहावी आणि खेळावयास जावे. आठ दिवसांनी वही उघडावी. इच्छा ओसरली असेल, तर पैसे वाचले. ती कायम असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून वस्तू आनंदाने घ्यावी. आता मोबाइलवर बोटाच्या स्पर्शाने खरेदी होते. तेथे तर हा नियम अधिकच कसोशीने पाळावा. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु हौसेसाठी लागणाऱ्या पैशामागे कोणाचे तरी श्रम असतात.

तो मुलगा दिवाळीनंतर नवी कंपासपेटी दाखवावयास आला. खाऊचे पैसे साठवून त्याने ती घेतली होती. बोलता बोलता त्याने तिचे झाकण कितीदा उघडले आणि मिटले, ते मी मोजले नाही.