सरळ रस्त्याची झीज

उत्तरेस व पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या दोन नद्यांच्या मधोमध पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, जेथे कापसाची काळी जमीन पावसाळ्यात चाकांना धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगांनी उकलते, तेथे चारही चाकांना इंजिनाचे बळ पोचविणारी जीप कित्येक दशके महसूल, पाटबंधारे आणि वन या खात्यांच्या दिमतीस राहिली, आणि सरकारी दफ्तरात तिचे निर्लेखन झाल्यावर लिलावातून खाजगी मालकाच्या हाती येऊन शेतावर, लाकडाच्या वखारीवर किंवा काळी-पिवळीच्या धंद्यात आपले उत्तरायुष्य कंठीत आली. अशा गाडीचे इंजिन बदलले जाते, पत्रा बदलला जातो, हूडही बदलले जाते. परंतु चासीच्या उजव्या पट्टीला खाली चिकटून बसलेला स्टेअरिंग बॉक्स मात्र, तो कुरकुरत नाही की धूर सोडीत नाही म्हणून, मालकाच्या ध्यानातच येत नाही. स्टेअरिंगचे चाक तळहाताच्या रुंदीइतके इकडून तिकडे फिरावे आणि पुढची चाके जागची हलू नयेत, अशी अवस्था आली की मग मिस्त्रीकडे धाव घेतली जाते.

त्या वेळी मालकाची जी कैफियत असते ती बहुधा एकाच प्रकारची असते. पुसदभोवतालच्या टेकड्या, टिपेश्वरच्या आसपासच्या जंगलवाटा आणि नाल्यांतील गोटे यांनी बॉक्स खाल्ला, असे तो सांगतो. हा आरोप अगदीच निराधार नाही, पण अपुरा आहे. कारण बॉक्स ज्या ठिकाणी सर्वाधिक झिजतो ते ठिकाण वळणाचे नसून सरळ चालीचे असते. वडकीहून करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असे करीत पैनगंगेपलीकडे तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी ७ क्रमांकाने ओळखला जाई आणि आज ४४ क्रमांकाने ओळखला जातो, त्यावरून जाणारी गाडी तासन्‌तास नाकासमोर चालते, आणि तेवढा सारा वेळ बॉक्सच्या आतले भाग एकाच अरुंद पट्ट्यात पुढे-मागे घासत राहतात. धुऱ्याच्या कच्च्या वाटेवरही प्रकार तोच. तेथेही चाके बहुतांशी सरळच असतात, आणि दगडावर आपटलेल्या चाकाचा प्रत्येक धक्का दांड्यांच्या वाटेने उलट वर चढून नेमका त्याच मधल्या पट्ट्यावर येऊन बसतो. पूर्ण वळण घेताना जे भाग कामास येतात ते, पंचवीस वर्षे चाललेल्या बॉक्समध्येसुद्धा, जवळजवळ कोरे सापडतात. ही एक गोष्ट नीट समजली की बॉक्स कसा तपासावा, केव्हा बदलावा आणि नवा कसा बसवावा, हा सारा मामला तिच्यातूनच उलगडत जातो.

या जीपचे कुळ ठाऊक असणे येथे उपयोगी पडेल. २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या पेढीचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पेढीने महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव धारण केले, आणि त्याच सुमारास विलीज कंपनीच्या जीपगाड्या मुंबईत जुळविण्याचे काम आरंभिले. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये रॉस कंपनीचा, मळसूत्री कॅम आणि दोन पिनांचा बाहू असलेला स्टेअरिंग बॉक्स होता, आणि तिच्या वंशातील आरंभीच्या नागरी जीपमध्येही हीच तऱ्हा पुढे चालली. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला मळसूत्री खाच कोरलेला पोलादी कॅम असतो. त्या खाचेत बाहूच्या दोन निमुळत्या पिना अडकलेल्या असतात. कॅम फिरला की पिना खाचेतून सरकतात, बाहूचा आस वळतो आणि बाहेर लटकणारा ड्रॉप आर्म पुढे-मागे झुलतो.

या रचनेतील खरी चतुराई खाचेच्या खोलीत आहे. सरळ चालीच्या जागी ती मुद्दाम किंचित उथळ कापलेली असते, जेणेकरून पिना तेथे घट्ट बसाव्यात आणि पुढे झीज झाली तर बाजूच्या झाकणावरील स्क्रू आवळून ती भरून काढता यावी, टोकांना मात्र अडकण होऊ नये. म्हणजे मधल्या भागाची झीज ही रचनाकाराने आधीच हिशेबात धरलेली गोष्ट आहे. परंतु तिलाही मर्यादा आहे. उथळपणा घासून संपला, मधला भाग टोकांइतकाच किंवा त्याहून खोल झाला, की नंतर स्क्रू आवळणारा माणूस मध्यभागीचा ढिलेपणा घालविण्याच्या नादात दोन्ही टोकांना बॉक्स आवळून टाकतो. मग करंजीच्या चौफुलीवर वणीकडे वळलेले चाक वळण संपल्यावर आपणहून परत येत नाही, आणि चालकाला ते हाताने ओढून सरळ करावे लागते. ढिले स्टेअरिंग त्रासदायक असते, अडकणारे स्टेअरिंग घातक असते. ज्या बॉक्समध्ये हा प्रकार दिसू लागला त्याची मुदत संपली असे समजावे. स्क्रूची आणखी एक फेरी ही दुरुस्ती नव्हे.

पुढच्या काळातील अनेक गाड्यांत कॅमच्या जागी गोळ्यांची रचना आली. मळसूत्री दांडा आणि त्यावरून सरकणारा नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात, एका नळीतून परत आरंभी येतात, आणि नटाचे दाते आसावरील दात्यांना हलवितात. टिपेश्वर अभयारण्यात पर्यटकांना वाघ दाखवीत हिंडणारी मारुती जिप्सी, जी १९८५ मध्ये प्रथम बाजारात आली, ती याच वर्गातली. घर्षण कमी असल्यामुळे हा बॉक्स हलका चालतो आणि अधिक टिकतो, तथापि मधला दाता घट्ट ठेवण्याचे तत्त्व येथेही तेच आणि झिजण्याची जागाही तीच.

आता तपासणीकडे वळू. आणि येथे माझे स्पष्ट मत असे की ढिलेपणाचा गुन्हा बॉक्सवर सर्वांत शेवटी लावावा, कारण बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या जोडणीत दुसरे अनेक सांधे असतात. दोन चाकांच्या बैलगाडीला ही विवंचनाच नाही, कारण तिला वळविण्याचे काम जू आणि बैल करतात. चार चाकांच्या वाहनाला मात्र वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळावे लागते. त्यासाठीची जोडणी ज्याने लंडनमध्ये १८१८ साली पेटंट केली तो रुडॉल्फ ॲकरमन त्या काळी पुस्तके आणि चित्रे विकणारा गृहस्थ होता, आणि कल्पना म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडीकारागिराची होती. श्रेय मात्र ॲकरमनच्या नावे जमा झाले ते आजतागायत तसेच आहे. या जोडणीत दांड्या, त्यांचे बॉल जॉइंट, जुन्या जीपमध्ये मधला बेलक्रँक, चाकाच्या मुठीतील किंगपिनची बेअरिंगे आणि पाट्यांच्या शॅकलचे बुश इतके सांधे येतात, आणि प्रत्येक सांध्यातला केसभर खेळ स्टेअरिंगच्या चाकापर्यंत पोचेतो बोटभर होतो. एखाद्या दगडाने टायरॉड वाकविला असेल तर चाकांची ठेवणच बिघडते आणि निष्पाप बॉक्स बदनाम होतो.

तपासण्याची रीत सोपी आहे, पण तिला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर ठेवून, एकाने स्टेअरिंगचे चाक थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवीत राहावे आणि दुसऱ्याने खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवावा; ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागे राहते तो सांधा दोषी. बेलक्रँकची पिन आणि तिचे बुश हे जुन्या जीपचे सनातन दुखणे असल्यामुळे तेथे विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर पुढील चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ दिसला तर तो चाकाच्या बेअरिंगचा आहे की किंगपिनचा हे ब्रेक दाबून पाहिल्यास उमगते, कारण ब्रेक दाबल्यावरही जो खेळ उरतो तो किंगपिनचा. किंगपिनच्या बेअरिंगचा ताण शिमा, म्हणजे पातळ चकत्या, काढून वाढविता येतो. शेवटी बॉक्सचे चासीवरील बोल्ट पाहावे आणि त्यांच्या भोवतालची पट्टी घासून स्वच्छ करून तीत बारीक चीर गेली आहे काय याची खातरजमा करावी. कारण चासी तडकली असेल तर नवा बॉक्सही तेथे हलणारच.

ढिलेपणा किती चालतो याविषयी कायद्याचे म्हणणे निश्चित आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमान्वये स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांहून अधिक खेळ असता कामा नये, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे वर्तुळाचा बारावा हिस्सा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर हे अंतर साडेदहा सेंटिमीटरांच्या आसपास भरते. नियम उदार आहे, असे म्हणावे लागेल. एम. एच. २९ क्रमांकाची जुनी जीप पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी नेताना या उदारपणावर विसंबण्यापेक्षा तिचा खेळ याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणलेला बरा.

सांधे निर्दोष ठरले आणि बॉक्सच हलत असल्याचे सिद्ध झाले, तर झाकण उघडून पाहण्याची तसदी घ्यावी. आतले तेल दुधाळ दिसले तर नाल्यातले पाणी झिजलेल्या सीलमधून आत गेले आहे. जीपचा बॉक्स खाली असल्याने भरल्या ओढ्यातून जाताना तो बुडतोच. पाणी आले की गंज येतो, आणि गंजाने खडबडीत झालेल्या कॅमवर पिना कानशीप्रमाणे घासत जातात. अशा बॉक्सचा उद्धार नाही.

काढण्याच्या कामात घाई आणि हातोडा हे दोन शत्रू. चाके प्रथम सरळ करावीत, बॅटरीची तार सोडावी आणि स्टेअरिंगच्या चाकाच्या मध्यातून जाणारी हॉर्नची तारही अलग करावी. स्टेअरिंगचे चाक आणि ड्रॉप आर्म हे दोन्ही आटेदार दांड्यांवर दातेरी खाचांत दाबून बसलेले असतात. ते पुलरनेच काढावेत. ड्रॉप आर्म निघत नाही म्हणून आसाच्या टोकावर घण घालण्याची जी वहिवाट रस्त्याकडेच्या गॅरेजांत पडली आहे, तिच्यापायी शेजारचा सील आणि आतल्या पिना दुखावतात, आणि जुना बॉक्स पुन्हा उभा करण्याची शक्यता तेथेच संपते. जुन्या जीपमध्ये बॉक्स, लांब दांडा आणि त्यावरील नळी हे एकच अखंड अंग असल्यामुळे फरशीवरचा पत्रा, आणि प्रसंगी मडगार्डही, सैल केल्यावाचून तो बाहेर येत नाही. हे काम अर्ध्या दिवसात उरकते असे सांगणाऱ्याने ते बहुधा केलेले नसते.

बसविताना मात्र सारा कस मध्य शोधण्यात आहे. नवा बॉक्स टेबलावर असतानाच त्यात ९० नंबरचे गिअर ऑइल घालून दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा, फेऱ्या मोजाव्यात, आणि त्यांच्या निम्म्यावर खूण करावी. तेथे हाताला अगदी हलकी ओढ जाणवते, आणि तीच मधली घट्ट जागा. हा मध्य राखून बॉक्स चासीवर चढवावा. डॅशबोर्डाखालचा कंस ढिला ठेवून आधी चासीचे बोल्ट आवळावे आणि मग कंस, म्हणजे दांडा वाकून नळीत घासणार नाही. नंतर ड्रॉप आर्म बसवावा, पुढची चाके सरळ धरावीत, आणि लांबी जुळत नसेल तर ती ड्रॉप आर्मला जोडलेल्या दांडीत, म्हणजे ड्रॅग लिंकमध्ये, जुळवावी.

हे अखेरचे वाक्य मी जाणूनबुजून विस्ताराने समजावून सांगतो, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. गाडी सरळ चालत असताना स्टेअरिंगच्या आऱ्या तिरप्या दिसल्या की मिस्त्री चाक उपटतो, दोन दाते फिरवून पुन्हा बसवितो, आऱ्या सरळ होतात आणि मालक संतुष्ट होऊन पैसे देतो. परंतु आतला कॅम अजून मध्यापासून बाजूलाच उभा असतो. त्याची घट्ट जागा एखाद्या वळणावर येते आणि सरळ रस्त्यावर पिना मोकळ्या खाचेत डोलत राहतात. परिणामी कोरा बॉक्स घालूनही खेळ तसाच उरतो, मालाला दोष दिला जातो, स्क्रू आवळला जातो, आणि नव्या बॉक्सचा कॅम भलत्याच ठिकाणी घासू लागतो. चाक उपटून सरळ करणे हा दिसण्याचा इलाज आहे. दांडीची लांबी बदलणे हा चालण्याचा.

सुट्या भागांची तजवीज पूर्वी सोपी होती, ती आता तितकी राहिलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, ती मोडीत जातात, आणि खात्यांच्या लिलावांतून येणारा चालत्या जीपगाड्यांचा ओघ त्यामुळे आटला आहे. नवा माल दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारात मिळतो, जुन्या जीप नव्याने उभ्या करणाऱ्या पंजाब-हरियाणा सीमेवरील डबवालीच्या मंडीतही मिळतो. त्याचा दर्जा एकसारखा नसतो, म्हणून घेण्यापूर्वी दांडा फिरवून मध्यावरची ओढ हाताने पाहावी, आणि ती जर कोठेच लागत नसेल तर रंग कितीही ताजा असला तरी तो बॉक्स दुकानदाराला परत करावा. पॉवर स्टेअरिंगचा मोह अनेकांना पडतो. पंप, त्याचा पट्टा, नळ्या आणि चासीवर नवा आधार, इतका खटाटोप करण्यास हरकत नाही. पण जुन्या पट्टीवर वितळजोड मारून टांगलेल्या आधारापेक्षा साधा, नीट मध्यावर बसविलेला बॉक्स मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

काढलेला जुना बॉक्स भंगारात किलोच्या भावाने देऊ नये. कॅम आणि पिना गेल्या असल्या तरी बिडाचे बाहेरचे कवच, वरचे-बाजूचे झाकण आणि लांब नळी बहुधा शाबूत असतात. आसाचे बुश नवे ठोकून, ते नेमक्या मापाला रीम करून, आणि नवा कॅम व पिनांचा बाहू मिळवून तोच बॉक्स पुढच्या वेळेसाठी तयार करून ठेवता येतो. नव्या बॉक्सच्या बाबतीत चासीवरचे बोल्ट काही दिवसांच्या वापरानंतर एकदा पुन्हा आवळावेत, आणि पहिला पावसाळा संपून काळी माती वाळली की तेलाचे बूच उघडून तेलाचा रंग पाहून घ्यावा.