धुऱ्यावरची दोन तासं

१५ ऑगस्ट २००७ची ग्रामसभा उठली आणि माझ्या हातात एक लांबडं रजिस्टर आलं. कारण एकच, गावात माझं अक्षर बरं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम त्या दिवशी राज्यभर सुरू झाली. ती तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबांनी आणलेली. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर, असे गावातले तंटे लिहायचे, समितीनं सामोपचारानं मिटवायचे. मग बाहेरची समिती येऊन २००पैकी गुण देणार. १५० पडले तर गाव तंटामुक्त आणि लोकसंख्येप्रमाणे १ ते १० लाखांचं बक्षीस.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. बक्षिसाचा आकडा ऐकला आणि पहिल्याच बैठकीत सूर निघाला, "तंटे कमीच लिव्हा, गावाची अब्रू जाते." मी तीन लिहिले. पोलीस पाटलांनी (त्यांना सगळे बापू म्हणत) रजिस्टर पाहिलं आणि मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "तीनच? मंग ठान्यात दर हप्त्याले आपलीच मानसं काहून दिसतात? घरोघरी फीर. बायांले इचार."

आठवडाभर फिरलो. बारा पानं भरली. पांदणीचा रस्ता, नाल्याचं पाणी, लग्नात राहिलेलं मानपान, हातउसने पैसे. जातीधर्माचा म्हणून ज्याचा बोभाटा होता, तो वाद खोदत गेलो तर खाली सांडपाण्याची नाली निघाली. असंच काहीसं पुढे दूरदेशीचं वाचलं. सिरियातल्या युद्धामुळे शेजारच्या लेबनॉनमध्ये दहा लाखांवर निर्वासित आले. तिथे २०१७पासून सामाजिक तणावाची नियमित पाहणी होऊ लागली. वाटेल की लोक युद्धाचंच बोलत असतील. पण पाहणीत कामधंद्यावरची ओढाताणच सारखी वर येत राहिली. ते वाचताना मला आमची बारा पानं आठवली.

त्यातलं एक पान एका काकूंचं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. दिरानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, दोन तासं (नांगराच्या दोन ओळी) आत सरकवला, अशी तक्रार. मी 'दिवाणी' लिहिलं. मोजणी मागवू, असं समितीत ठरत होतं, तर बापू म्हणाले, "थांबा. दोन तासांसाठी भाऊबंदकी तुटत नाही. पहिले काहीतरी झालं असन."

बापू रात्री दिराकडे गेले, मला सोबत घेऊन. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग कपाटातून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. भावाच्या तेरवीचं. शोकाकुल म्हणून खाली सगळ्यांची नावं, सख्ख्या भावाचं नाही.

आम्ही तसेच काकूंकडे. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "माह्या भावानं छापून आनलं होतं. मले कुठं वाचता येते, बापू?"

पोळा आठवड्यावर आला होता. बापूंनी दिराला एवढंच विचारलं, "तुह्या भावाची जोडी यंदा तोरनाखाली कोन नेनार?"

पोळ्याच्या दिवशी दुपारी तो आला. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, जोडी तोरणाखाली नेऊन उभी केली. संध्याकाळी दारात काकूंनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, पुरणपोळी चारली आणि बोजारा, म्हणजे बैल नेणाऱ्याला द्यायचे पैसे, दिराच्या हातावर ठेवला. त्यानं मूठ मिटली आणि ओट्यावर बसून तो रडला. मीही तिथे फार वेळ उभा राहू शकलो नाही.

आठ दिवसांत धुरा जागेवर आला. मोजणी लागली नाही. समितीसमोर सही आणि अंगठा व्हायला आणखी पंधरा दिवस गेले. 'तंटा मिटल्याची तारीख' या रकान्यात मी त्या दिवसाची तारीख लिहिली. बापूंनी चष्मा पुसून पाहिलं.

"पोळ्याची लिव्ह," ते म्हणाले.