चाकांवरचं शहर, भाग ५ : सोलापूरच्या उन्हात पायडलला मोटारीची जोड

सायकलसाठी सोलापूर तसं सोयीचं गाव. पठारावरचा बराचसा सपाट भाग, पाऊस बेताचा, आणि पूर्व भागातून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत जायला सायकल पुरते. १८७७ सालची जुनी गिरणी, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. या गिरण्यांच्या काळापासून इथला कामगार सायकल वापरत आला. आता त्याचा नातू हप्त्यावर दुचाकी घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. दिवसभर मागावर उभं राहिलेल्या माणसाला वर पायडल मारत घरी जायला सांगणं हा क्रूरपणा आहे.

त्यात अंतरं वाढली. कुंभारीजवळच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत आखली गेली. त्यातली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झाली. विडी आणि यंत्रमाग कामगारांना हक्काचं छप्पर मिळालं, ही मोठीच गोष्ट. पण शहर तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे.

या अंतरावर उपाय म्हणून ‘स्मार्ट’ सायकल म्हटलं की मोबाइलवर कुलूप उघडणारी भाड्याची सायकल आठवते. पुण्यात २०१७ च्या अखेरीस अशा सायकली आल्या, आणि काही वर्षांतच बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. स्मार्ट सिटीच्या २०१६ च्या पहिल्याच यादीत आलेल्या सोलापूरने तो कित्ता गिरवू नये. पाळीवर जाणाऱ्याला सायकल दारातच हवी, शोधत फिरायला त्याच्याकडे वेळ नाही.

सोलापूरला उपयोगी पडेल असा विचार शेजारच्या सातारा जिल्ह्यात केव्हाच झाला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा सुधारली, मग पायडलला मोटारीची मदत देणारी रिक्षा बनवली. २००२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लेखही आला. ओढणाऱ्याच्या छातीवरचा भार कमी करणं हा त्यामागचा हेतू होता.

आजच्या ई-सायकलमध्ये तेच तत्त्व आहे. पायडलच्या अ‍ॅक्सलवर चुंबकं बसवलेली छोटी चकती असते. पाय फिरला की शेजारचा सेन्सर ते ओळखतो आणि चाकाच्या हबमधली मोटार जोर लावते. पाय थांबला की मोटारही थांबते. मोटार २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर वजनाची अट पाळून नोंदणी आणि परवाना दोन्ही लागत नाहीत. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-अवरची बॅटरी भरायला जेमतेम ०.३ युनिट वीज लागते. पायडल मारत राहिलं तर तेवढ्यात साधारण पंचवीस किलोमीटर होतात, म्हणजे रे नगरहून शहरात जाऊन-येऊन भागतं.

खरी अडचण आगाऊ पैशांची आहे. पगारातून हप्ता कापून सायकल देण्याची सोय यंत्रमागधारकांच्या संघटना आणि पतसंस्था मिळून करू शकतील. दुसरी अडचण पुन्हा उन्हाचीच. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांपुढे चार्ज करायच्या नसतात, आणि तापल्या पत्र्याखाली उभी सायकल तो आकडा सहज गाठते. त्यामुळे कारखान्याच्या दारात झाडाची किंवा जाड छपराची सावली हवी, आणि बॅटरी काढून घरी नेऊन रात्री भरता यायला हवी.

(पुढील आठवड्यात : सावलीचे रस्ते)