माग काढत गेलेले

आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी पहाटे इंद्रायणीचा घाट ओलाच असतो. टाळ वाजायला लागण्याआधी दर्शनबारीच्या लोखंडी कठड्यांमधून एक लॅब्राडोर चालत गेला. नाक जमिनीपासून चार बोटं वर, शेपटी ताठ. पिशव्यांचा ढीग, चपलांचा ढीग, पेढ्यांच्या दुकानाखालचे खोके. प्रत्येकापाशी तो क्षणभर थांबे, की लगेच पुढे. बऱ्याच वेळानं हँडलरनं खिशातून टेनिसचा चेंडू काढला, तेव्हा कुठे त्यानं उडी मारली, शेपूट हलवली. स्टीलच्या भांड्यातलं पाणी निम्मं प्यायला, निम्मं सांडलं. थोड्याच वेळात त्याच जागी हजारो वारकरी उभे राहिले. आपल्याआधी इथून कोण फिरून गेलं, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं १५ ऑगस्ट २०१८ रोजी. देहू, आळंदी, चाकण, तळेगाव हे सगळं त्याच्या हद्दीत आलं. म्हणजे एकीकडे दोन पालख्यांचं प्रस्थान आणि दुसरीकडे मोटारींचे कारखाने. बेवारस बॅग दिसू दे, नाहीतर मोठ्या नेत्याचा दौरा असू दे, बॉम्बशोधक व नाशक पथकाची गाडी येते आणि माणसांच्या आधी कुत्रं आत जातं. माणसाच्या नाकात ५०-६० लाख गंधपेशी असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. पण नुसतं नाक पुरत नाही. स्फोटकाचा वास आला की भुंकायचं नाही, पंजानं उकरायचं नाही, तिथंच गप्प खाली बसायचं, हे त्याला शिकवावं लागतं. उकरण्याची उपजत ओढ असलेल्या प्राण्याकडून हा संयम घोटून घ्यायला हँडलरला महिनोन् महिने लागतात.

हे शिक्षण पुण्यात शिवाजीनगरला, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात होतं. चिंचवडहून लोकलनं गेलं तर अर्धा ताससुद्धा लागत नाही. मुंबई ज्याला विसरली नाही तो झंजीर याच केंद्रात तयार झाला. जन्म जानेवारी १९९२ चा. डिसेंबरअखेरीस तो मुंबईच्या पथकात दाखल झाला आणि अडीच महिन्यांत, १२ मार्च १९९३ रोजी, शहरात १२ स्फोट झाले. २५७ माणसं गेली. तिसऱ्या दिवशी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका बेवारस स्कूटरपाशी झंजीर थांबला. स्कूटरमध्ये आरडीएक्स होतं. तेव्हा तो जेमतेम १४ महिन्यांचा होता.

पुढच्या काळात त्यानं शोधून दिलेल्या मालाची नोंद अशी आहे: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. स्फोटात गेलेल्यांची यादी निघते, न झालेल्या स्फोटात वाचलेल्यांची कधीच निघत नाही. म्हणून हे आकडे मी पुरते लिहिले. झंजीरला हाडांचा कर्करोग झाला. परळच्या बैलघोडा रुग्णालयात उपचार झाले, पण १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला. वय अवघं आठ. त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. त्या वेळचं छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल. फुलांनी झाकलेला देह, बाहेर दिसणारं तेवढं तोंड आणि समोर पुष्पचक्र वाहणारा गणवेशातला अधिकारी. मला त्यात दिखावा दिसत नाही. एका सहकाऱ्याला जे द्यायचं तेच तिथं दिलेलं आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज, सीएसटी, नरिमन हाऊस इथं कुत्र्यांनी काम केलं. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही त्यांतली नावं. निवृत्तीनंतर चौघं विरारच्या एका शेतघरात एकत्र राहिले आणि २०१६ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत एकामागोमाग एक चौघंही गेले. शेवटचा सीझर. टायगर गेल्यावर तो खचला होता, असं तेव्हा त्याची देखभाल करणाऱ्यांनी सांगितलं.

सेवा करता करता गेलेल्यांत मी आळंदीच्या वाटेवरचा हिराही धरतो. तो पोलिसांचा घोडा नव्हता. माउलींच्या सोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात. तिथल्या शितोळे सरकारांचा तो मान. शेकडो किलोमीटर चालत ते आळंदीत पोचतात आणि पुढे पंढरीची वाट धरतात. जुलै २०१८ मध्ये पालखी पुण्यात मुक्कामी असताना हिरा हृदयविकाराच्या झटक्यानं कोसळला. रिंगणात ज्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, तो रिंगण यायच्या आधीच गेला. वारकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कुणाला त्याचा संकोच नव्हता.

जनावरासाठी दगड उभा करणं आपल्याकडे नवं नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, इसवी सन ९४९-५० च्या सुमारास, कर्नाटकातल्या आतकूर इथं काळी नावाच्या शिकारी कुत्र्याचा वीरगळ उभा राहिला. रानडुकराशी झुंजताना दोघंही मेले. दगडावर ती झुंज कोरलेली आहे आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन तोडून दिल्याची नोंदही आहे. आज तो वीरगळ बंगळूरच्या संग्रहालयात आहे. आपल्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात. राजघराण्याच्या समाध्यांच्या शेजारात बसलेलं ते दगडी कुत्रं.

एका बाजूला राजाची मर्जी, दुसऱ्या बाजूला मुंबईचं वर्तमानपत्र. या दोन्हींच्या टप्प्यात न येणाऱ्या कुत्र्याचं काय होतं, हा प्रश्न मला आमच्या पट्ट्यात सतावतो. ते रोज कंपनीची गेटं आणि वारीचे घाट हुंगतं, आणि बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. ते काही न सापडणं हीच त्याची कामगिरी. आयुक्तालयाच्या आवारात साध्या काळ्या दगडाची एक भिंत असावी. तिच्यावर कुत्र्याचं नाव, दाखल झाल्याची तारीख, गेल्याची तारीख आणि शेजारी त्याच्या हँडलरचंही नाव. काही सापडलं नसेल, तरी नाव असावं.

त्या पहाटे घाटावर मी हँडलरला विचारलं, "साहेब, हा किती वर्षांचा?"

"तीन पुरी होतील, सर. याच्या आधीचा आठ वर्षं होता माझ्याकडे." त्यांनी मोबाइल काढला, बोटानं फोटो सरकवत बरेच मागे गेले आणि एकावर थांबले. पांढरट पडलेलं तोंड, गळ्यात पट्टा. "सुरुवातीला याला हाक मारताना तोंडातून त्याचंच नाव जायचं."

"मग?"

"मग काय, सर, हा त्या नावालाही यायचा."