बटर चिकनच्या गल्लीतलं चर्च

न्यूयॉर्कला ऑनसाइट आलेल्या प्रत्येक देशी जिवाला कुणी ना कुणी ईस्ट सिक्स्थ स्ट्रीट दाखवतंच. फर्स्ट आणि सेकंड ॲव्हेन्यूच्या मधली ही गल्ली म्हणजे 'करी रो'. एकेकाळी इथे ओळीने इंडियन रेस्टॉरंट्स होती, आता मोजकीच उरलीत. पण नान आणि बटर चिकनची तलफ आली की माझे पाय अजूनही तिकडेच वळतात.

त्या रविवारी मात्र डोक्यात वेगळाच किडा होता. आमच्या मराठी मंडळाची समर पिकनिक यंदा बोटीवर करायची टूम निघाली होती आणि बोट ठरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. टेबल मिळेपर्यंत वेळ काढायचा म्हणून समोरच्या जुन्या इमारतीवरची पाटी वाचायला गेले. इमारत सिनेगॉगची. पण पाटी सांगत होती, हे मूळचं जर्मन चर्च आहे. आणि पाटीवर होती एका पिकनिकची गोष्ट. एका बोटीवरच्या पिकनिकची.

जेवण राहिलं बाजूला!

छोटा जर्मनी

एकोणिसाव्या शतकात या भागाचं नाव होतं 'क्लाइनडॉइचलँड', म्हणजे छोटा जर्मनी. बर्लिन आणि व्हिएन्नाच्या खालोखाल जर्मन बोलणारी माणसं न्यूयॉर्कमध्येच, असं तेव्हा म्हणायचे. शिंपी, सुतार, बेकरीवाले, सिगार वळणारे असे कष्टकरी लोक इथल्या चाळवजा टेनेमेंट्समध्ये दाटीवाटीने राहायचे. ॲव्हेन्यू बी वर दुकानं, ॲव्हेन्यू ए वर बिअर हॉल. सेकंड ॲव्हेन्यूवर १८८४ मध्ये उघडलेली ओटेनडॉर्फर लायब्ररी आजही चालू आहे आणि तिच्या दारावरची जर्मन अक्षरंही शाबूत आहेत.

सिक्स्थ स्ट्रीटवरची ही इमारत १८४० च्या दशकाच्या अखेरीची. पुढे ती सेंट मार्क्स या जर्मन ल्युथरन मंडळींचं चर्च झाली. प्रार्थना जर्मनमध्ये, गाणी जर्मनमध्ये, मुलांसाठी संडे स्कूल. ओळखीचं वाटतंय ना? आम्हीही भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी मुलांना 'क कमळाचा' गिरवायला लावतो. हेतू तोच. पोरांनी आजीशी तिच्या भाषेत बोलावं, बास.

बुधवारची पिकनिक

संडे स्कूलचं वर्ष संपलं की चर्चची सहल निघायची. १५ जून १९०४ ची सहल सतरावी. 'जनरल स्लोकम' नावाची तीन डेकची आगबोट ३५० डॉलर्सना ठरवली होती आणि लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर लोकस्ट ग्रोव्हला जायचं होतं. वार बुधवार. पुरुषमाणसं कामावर, त्यामुळे बोटीवर मुख्यतः बायका आणि मुलं. साधारण १३५० माणसं. बँड वाजत होता.

सकाळी साडेनऊच्या सुमारास बोट ईस्ट रिव्हरमधून निघाली आणि अर्ध्या तासात पुढच्या भागातल्या एका खोलीत आग लागली. पाण्याचे होज उघडले तर ते कुजलेले, दाबाने फुटले. लाइफबोटी जागच्या जागी जखडलेल्या, हलेचनात. आयांनी पोरांना लाइफ जॅकेट घालून पाण्यात सोडलं, तर जॅकेटमधल्या जुन्या बुचाचा भुगा झालेला. तरंगायचं सोडून ती ओझं होऊन बुडाली. पोहता येणारे फार थोडे आणि अंगावर त्या काळचे लोकरीचे जड कपडे.

कॅप्टन व्हॅन शाइकने जळती बोट नॉर्थ ब्रदर आयलंडला नेऊन टेकवली. तोवर सगळं संपलं होतं. १०२१ माणसं गेली. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत न्यूयॉर्कने एका दिवसात इतके मृत्यू पाहिले नव्हते. पास्टर जॉर्ज हास वाचले, पण त्यांची बायको आणि मुलगी गेली.

आणि आता खरा धक्का. अवघ्या महिनाभरापूर्वी सरकारी इन्स्पेक्टरने याच बोटीला 'फिट' म्हणून पास केलं होतं! कॅप्टनला दहा वर्षांची शिक्षा झाली. साडेतीन वर्षं तुरुंगात काढल्यावर तो सुटला आणि १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्टनी त्याला माफीही दिली. मालक कंपनी किरकोळ दंडावर सुटली. तपासणीचे नियम कडक झाले, पण नंतर.

मग ते लोक गेले कुठे?

संध्याकाळी कामावरून परतलेल्या कित्येक बापांना घर रिकामं मिळालं. जिन्यातून वर जाताना ज्यांच्या किलबिलाटाने कान किटायचे, ती मुलंच नव्हती. जर्मन कुटुंबं आधीपासूनच उत्तरेला यॉर्कव्हिलकडे सरकू लागली होती. या घटनेनंतर तो ओघ वाढला आणि छोटा जर्मनी विरत गेला. १९४० मध्ये इमारत सिनेगॉग झाली. सेंट मार्क्सची उरलेली मंडळी यॉर्कव्हिलच्या झायन चर्चमध्ये सामील झाली. ईस्ट एटीफोर्थ स्ट्रीटवरच्या त्या चर्चच्या जोडनावात सेंट मार्क्स आजही आहे.

जवळच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये १९०६ सालचं गुलाबी संगमरवरी कारंजं आहे. त्यावर दूर पाण्याकडे बघणारी दोन मुलं कोरलीयत. जर्मन बायकांच्या संस्थेने ते उभारलं. आजूबाजूला लोक कुत्री फिरवतात, कॉफी पितात. मीही तिथून शंभरदा गेले असेन, कधी थांबले नव्हते.

त्या बोटीवर सहा महिन्यांची ॲडेला लिबनाऊ होती. ती वाचली, तिच्या दोन्ही बहिणी गेल्या. वर्षभराने क्वीन्समधल्या दफनभूमीतल्या स्मारकाचं अनावरण या चिमुरडीच्या हातून झालं. २००४ मध्ये, शंभराव्या वर्षी ती गेली.

काका, एक मिनिट

घरी येऊन मंडळाच्या काकांना फोन लावला. म्हटलं, बुकिंग करण्याआधी बोट स्वतः बघायचीय. लाइफ जॅकेट्स मोजायचीत, मुलांच्या मापाची वेगळी.

"अगं, सर्टिफिकेट आहे ना त्यांच्याकडे!" काका म्हणाले.

"काका, 'स्लोकम'कडेही होतं."

मग सगळी गोष्ट सांगितली. काका क्षणभर गप्प झाले. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'ची बातमी आम्ही दोघांनीही इथे बसून बघितली होती. शेवटी म्हणाले, "शनिवारी जाऊ या. मीही येतो."

शनिवारी आम्ही गेलो. एकेक जॅकेट हातात घेऊन पट्टे ओढून बघितले. बोटवाला वैतागला असेल, असू दे. आमच्या यादीत बेचाळीस मुलं आहेत. त्यातलं एक माझं.